खांब कुणाला दिसतो

४ मार्च

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं असशीलच. नेलंसच आहे तर डब्यापाशी उभी राहून एवढं पान वाच आणि मग टाक. तीन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस आणि मीही पत्र लिहिलं नाही. अबोला धरायचं काम आपण दोघांनी अगदी मन लावून केलं. तो मोडायला मी लिहीत नाहीये, घाबरू नकोस.

एक साधी चौकशी आहे.

तुझ्या आईने तुझी मुलाखत कापून फ्रिजच्या दाराला चिकटवली आहे. दूध काढायला गेलं की आधी तुझं दर्शन घ्यावं लागतं. फोटोत तू शर्यतीच्या गाडीत बसलीयस, हेल्मेट मांडीवर, आणि डोक्याभोवती ती धातूची कमान. तुम्ही पोरं तिला हेलो म्हणता. आमच्याकडे सगळे कमानच म्हणतात.

फोटोखाली तुझं वाक्य ठळक छापलंय : ‘डाव्या वळणात कमानीचा मधला खांब आडवा येतो. पुढची गाडी त्याच्यामागे नाहीशी झाली आणि मी तिला मागून धडकले.’

तर विचारायचं हे, की खांब तुला सारखा दिसतो, की फक्त डावीकडे वळताना? सरळ रस्त्यावर काय होतं? आणि तुझ्या संघातला तो दुसरा चालक, त्याचीही हीच तक्रार आहे का?

बस, एवढंच. चार ओळी लिहिल्यास तरी चालेल, चार शब्दसुद्धा चालतील. तू मजेत आहेस असं आई सांगते. तुझी बातमी मला तिच्या तोंडून मिळते, म्हणजे त्यात निम्मी तिची भर असते, पण मी तक्रार करत नाही.

डब्याचं झाकण नीट लाव.

बाबा


२६ मार्च

भिंगरी,

उत्तर नाही. ठीक आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि पीळ तू कुणाकडून घेतलास हे शोधायला फार लांब जायला नको.

मागच्या पत्रात ‘आमच्याकडे’ असं लिहून गेलो, ते तुझ्या लक्षात आलं असेल. आईला मी सांगू दिलं नव्हतं, आता मीच सांगतो. अडीच वर्षं झाली, मी कमानी तपासायच्या कारखान्यात फिटर आहे. होय, मी. कमानीला ‘पिंजरा’ म्हणणारा तुझा बाप. हसायचं असेल तर हसून घे, इथे थांबतो.

झालं? तर ऐक. पत्र्याची उंच शेड आहे. मधोमध लोखंडी सांगाडा जमिनीला बोल्टने आवळलेला. त्यावर कमान बसवायची, तीन ठिकाणी : मागे दोन पाय आणि पुढे तो खांब. मग वरून दाबयंत्र खाली येतं. बारा टन. भरलेला ट्रक त्या सात किलोच्या कमानीवर उभा केला समज. पाच सेकंद. त्या पाच सेकंदांत शेडमध्ये कुणी शिंकतसुद्धा नाही. दाब उतरला की माझं काम सुरू. जोडावर लाल रंग लावायचा, थांबायचं, स्वच्छ पुसून काढायचा आणि वर पांढरी भुकटी मारायची. जोडात केसाएवढा जरी तडा असला तरी आत शिरलेला रंग भुकटीतून लाल रेघ होऊन वर येतो. पुसलं म्हणून काही संपत नाही.

इथली मुकादमबाई मला ‘आजोबा’ म्हणते आणि माझ्या हातचा चहा पीत नाही, कारण मी कपाच्या शेजारी ओततो. हे नंतर सांगेन.

आता एक काम कर. खुर्चीत बस. समोरच्या भिंतीवर घड्याळ असू दे. पेन्सिल उभी धरून हात लांब कर आणि पेन्सिलीकडे न बघता घड्याळाकडे बघ, दोन्ही डोळे उघडे ठेवून. पेन्सिल विरघळल्यासारखी होते ना? तिच्यामागचा एकही आकडा लपत नाही. मग घड्याळाच्या हातभर डावीकडे, भिंतीवर नजर लाव आणि पेन्सिल घड्याळासमोर आण. तरी आकडे दिसतात का?

कशाला, ते विचारू नकोस. कर आणि मला कळव.

आणि हो, गेल्या महिन्यातल्या शर्यतीत शेवटून दुसऱ्या फेरीत तू बाहेरून काढलीस ती गाडी! मी टाळी वाजवली तर आईने वळून बघितलं. मी म्हटलं, डास होता.

बाबा


१२ एप्रिल

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनच्या हातातून मी ते असं ओढून घेतलं, की तो दोन पावलं मागे सरला.

‘तुम्हाला कमान अजूनही नकोच आहे. आता खांबाविरुद्ध माझ्याच तोंडून वदवून घ्यायचंय. बैठकीत एकदा हात वर करून समाधान झालं नाही का?’

मला जन्मापासून अरे-तुरे करणारी पोर ‘तुम्हाला’ लिहिते, ते झोंबलं. झोंबायलाच हवं. तुझी चूक नाही. मी अर्धं सांगितलं, उरलेलं तू तुझ्या रागाने भरून काढलंस. आता सगळं सांगतो. आई स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवतेय. मी हे लिहून संपवलं नाही तर जेवायला मिळणार नाही, असं ठरलंय.

ती बैठक. क्लबचे आम्ही सात जण. नमुन्याची कमान बसवलेली गाडी शेडमध्ये उभी होती आणि ठरवायचं होतं, की आपल्या क्लबच्या शर्यतींत या हंगामापासून कमान सक्तीची करायची की नाही. प्रत्येकाने गाडीत बसून बघायचं. सहा जण बसले, उतरले, सगळे एकच म्हणाले : खांब डोळ्यांसमोर आहे खरा, पण दोन मिनिटांत दिसेनासा होतो. मग मी बसलो.

मला खांब दिसला. असा तसा नाही, मधोमध उभा, दारातल्या माणसासारखा. त्याच्यामागे शेडचं अख्खं दार गायब. मी उतरून म्हणालो, ‘या पिंजऱ्यात बसून गाडी चालवायची म्हणजे आंधळी कोशिंबीर. पोरं मरतील.’

तेव्हा मास्तर म्हणाले (आठवतात ना, विज्ञान शिकवायचे ते, आमचे वेळाधिकारी), ‘नवल आहे. खांब दोन डोळ्यांच्या मधल्या अंतरापेक्षा बारीक आहे. एका डोळ्याआड जे जातं ते दुसऱ्याला दिसतं. एक डोळा मिटला तरच खांब दिसायला हवा.’

भिंगरी, त्या क्षणी मला कळलं. मला खांब का दिसतो ते तिथे, त्या शेडमध्ये, स्वच्छ कळलं. कारण माझा डावा डोळा तेव्हाच कामातून गेला होता. आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

मी बोलू शकलो असतो. ‘मास्तर, माझा डोळा अधू आहे, माझं मत धरू नका’ एवढंच वाक्य. पण मग पुढचा प्रश्न आला असता : कधीपासून? आणि कधीपासून म्हणजे, मी शर्यतींत होतो तेव्हापासून. शेवटची चार वर्षं मी दीड डोळ्याने गाडी चालवली, भिंगरी. माझे दोन्ही चषक त्या चार वर्षांतले. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकली आणि तोच हात सक्तीविरुद्ध वर केला. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आणखी तिघांनी हात वर केले. सक्ती एक वर्ष पुढे गेली.

त्या वर्षाच्या दहाव्या महिन्यात समोरच्या गाडीचं चाक निखळलं आणि उसळून तुझ्या संघातल्या जोडीदाराच्या हेल्मेटवर आलं. आपला उंट. मानेने लांब म्हणून तुम्ही त्याला उंट म्हणायचात, आणि त्या लांब मानेमुळेच त्याचं डोकं गाडीबाहेर सगळ्यांत वर असायचं. कमान असती तर चाक कमानीवर आपटून गेलं असतं. आता मी रोज बघतो ना, शेडमध्ये कमानीवर चाक फेकूनही तपासतात, ते आपटतं आणि निघून जातं.

हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला म्हणालीस, ‘तुझा हात वर होता.’ बस एवढंच म्हणालीस आणि घर सोडलंस. तुला वाटलं मी हट्टी, जुन्या वळणाचा. मी तुला तसंच वाटू दिलं. हट्टी बाप असणं खोटारडा बाप असण्यापेक्षा बरं वाटलं मला.

आता तुझ्याविषयी.

‘टपख मगल नडरव’ आठवतं? शाळेत सोडताना गाडीत आपण म्हणायचो. तू दर लाल दिव्याला ओरडायचीस. तुला वाटायचं ते बाबाने रचलेलं गाणं आहे. ते गाणं नाही, बाळ. तो परवान्याच्या डॉक्टरच्या खोलीतला डोळे तपासायचा तक्ता आहे, खालून दुसरी ओळ. वर्षानुवर्षं तोच छापील तक्ता, त्याच भिंतीवर. उजवा डोळा झाकला की मी डाव्याने वाचायचो नाही, म्हणून दाखवायचो. तपासणीच्या आठवड्यात तुझ्याबरोबर म्हणून पक्कं करून घ्यायचो. तुला परवाना मिळाला तेव्हा भिंतीवर तोच तक्ता होता का? तू तो वाचलास, की म्हटलास?

माझ्या डोळ्याला काचबिंदू झालाय. डोळ्यात दाब वाढतो, आणि नजर कडेकडेने, हळूहळू जाते. दुखत नाही, खुपत नाही. दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून कळतही नाही. गेलेली नजर परत येत नाही. पण वेळेवर सापडलं तर थेंब घालून आहे ती टिकते. आणि डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘मुलंबाळं आहेत का? हे घराण्यातून उतरतं.’ मी म्हणालो, मुलगी माझ्याशी बोलत नाही. खरंच असं म्हणालो. जणू डॉक्टरांनी ते विचारलं होतं.

आता कळलं मी पेन्सिल का धरायला सांगितली? तुझ्या गटात बावीस चालक आहेत. मी सगळ्यांच्या मुलाखती शोधून वाचल्या. खांब आडवा येतो असं एकटी तू म्हणतेस. दोन्ही डोळे धड असलेल्या माणसाला तो दिसत नाही, भिंगरी. मला दिसला होता, आणि तुला दिसतोय.

तू म्हणशील, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं. खरं आहे. माझ्या डोळ्यातलं मुसळ मी चौदा वर्षं लपवलं. म्हणूनच सांगतोय, जाऊन डोळे दाखव. तक्ता नको. दिव्याचे ठिपके दाखवतात त्या यंत्रावर तपास. ते पाठ करता येत नाही.

बाबा

ता. क. आई आत्ता मागे उभी राहून वाचतेय. म्हणते, ‘कपाच्या शेजारी चहा ओतणारा माणूस मला कळला नसेल असं वाटलं का तुला?’ बघ. झाकली मूठ म्हणे.


२८ एप्रिल

भिंगरी,

तुझं काही आलं नाही. मी मागच्या पत्राचं उत्तर मागत नाही, पण दोन गोष्टी तुला माझ्याकडूनच कळायला हव्यात.

मी उंटाकडे गेलो होतो. तो आता नवीन चालकांना शर्यतीचे नियम शिकवतो, हे तुला माहीत असेल. डावा हात अजून थरथरतो, आणि शब्द एकेक करून येतात, पण येतात ते नेमके. त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘काका, म्हणजे खांब का दिसतो, हे तुम्हाला हात वर करायच्या आधी कळलं होतं?’

मी म्हणालो, ‘हो.’

 मग म्हणाला, ‘मला राग येतोय. पण हल्ली माझं सगळंच सावकाश चालतं. पूर्ण यायला आठवडा लागेल. तोवर चहा घ्या.’

आणि खरंच, आठव्या दिवशी फोन आला. ‘काका, आला राग. बसा.’ मी बसलो. अर्धा तास त्याने मला असं झाडलं, की माझ्या बापानेही कधी झाडलं नव्हतं. मधे शब्द अडला की थांबायचा, मी थांबायचो, शब्द सापडला की पुन्हा सुरू. शेवटी म्हणाला, ‘आता मुद्द्याचं. भिंगरी डॉक्टरकडे गेली का? नाही? मग तुम्ही माझ्याकडे काय करत होतात?’ उंटावरचा शहाणा ऐकला होता, इथे उंटच शहाणा निघाला.

दुसरी गोष्ट. मी क्लबच्या बैठकीत उभा राहून सगळं सांगितलं. चषक टेबलावर ठेवले. वाटलं होतं, कुणीतरी ‘असू दे, असू दे’ म्हणेल. कुणी म्हणालं नाही, आणि तेच बरं झालं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि ठराव मांडला : यापुढे प्रत्येक चालकाला कमानीखाली बसवून, आळीपाळीने एकेक डोळा झाकून तपासायचं, आणि परवान्यासाठी तक्ता बंद, यंत्र सुरू. एकमताने मंजूर. मला मत नव्हतं, पण मोजताना माझा हात आपोआप वर गेला, तेव्हा मास्तर म्हणाले, ‘तुम्ही खाली घ्या हो, कृपा करून.’ सगळे हसले, मीपण हसलो.

आता तुझी अठरा मेची शर्यत. त्या रस्त्यावर नऊ डावी वळणं आहेत, मी मोजली. दहा मेपर्यंत तू डोळे तपासल्याचं मला, आईला, उंटाला, कुणालाही कळवलं नाहीस, तर मी तुझ्या संघाच्या डॉक्टरला फोन करणार. नंबर मिळवला आहे. तुझ्यामागून काही करायचं नाही, म्हणून तुला आधी सांगतोय.

तू माझ्यावर जन्मभर रागावशील. ते तर आत्ताही आहेच, माझं त्यात नवीन काही जाणार नाही. तुझ्यापुढची गाडी खांबामागे गेली आणि तू तिच्यात घुसलीस, तर मात्र माझ्याजवळ काहीच उरणार नाही. मला भीती वाटते, भिंगरी. दोनशेच्या वेगात कधी वाटली नाही तेवढी वाटते.

बाबा


९ मे

बाबा,

दहा तारखेच्या आत लिहितेय. तुझ्या धमकीला घाबरून नाही, हे नोंदवून ठेव.

बारा एप्रिलचं पत्र मी फाडलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं. मग पुन्हा फाडायला घेतलं, तर ते आधीच फाटलेलं. संघाच्या स्वयंपाक्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बापाचं पत्र आहे. तो म्हणाला, ‘मग चिकटपट्टी देतो.’

पेन्सिल धरली नाही. धरली म्हणजे तू म्हणतोस ते ऐकलं असं झालं असतं. तीन आठवडे पेन्सिल दिसली की तोंड फिरवत होते. मग उंटाचा फोन आला. तो माझ्यासाठी आठवडा थांबला नाही हं, थेट सुरू झाला. म्हणाला, ‘मला एक हात कमी पडतो. तो कसा कमी पडला ते मला माहीत आहे. तुझं काय कमी आहे ते तुला माहीत नाही. यात शहाणं कोण?’

त्याच दुपारी पेन्सिल धरली. सरळ बघितलं तर विरघळली. मी खूश. मग नजर डावीकडच्या भिंतीवर लावली, तर घड्याळातला चार गेला. हात हलवला तर चार आला, तीन गेला. बाबा, माझा राग कुठे गेला कळलंच नाही, नुसती तुझी आठवण आली, आणि त्याचा पुन्हा राग आला.

परवा डॉक्टरांकडे गेले. भिंतीवर तोच तक्ता! उजवा डोळा झाकला आणि सवयीने म्हटलं, वाचते. त्या म्हणाल्या, ‘डावा डोळा तुम्ही अजून उघडलाच नाहीये.’ मी डोळा मिटून ‘टपख मगल नडरव’ म्हणून मोकळी झाले होते. मला काय झालं कोण जाणे, हसूच आवरेना, आणि हसताहसता रडू. डॉक्टरांना वाटलं, मी वेडी आहे. गाण्याची गोष्ट सांगितली तर त्यांनी उठून तक्ता भिंतीवरून काढला.

मग यंत्र. डाव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, एक लहान पट्टा गेलाय. तो परत येणार नाही. उजवा स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या लवकर हे सहसा सापडत नाही, कारण दुसरा डोळा झाकून नेतो. ‘तुम्हाला शंका कशी आली?’ मी म्हटलं, गाडीत एक खांब आहे. त्यांना काही कळलं नाही.

सकाळ-संध्याकाळ थेंब. अठराची शर्यत नाही, पुढचीही नाही. संघाला मी स्वतः सांगितलं. संघप्रमुख लालबुंद झाले, मग पांढरे, मग म्हणाले, ‘आधी का नाही सांगितलंस?’ मी म्हटलं, आमच्या घरात सांगायला उशीर करतात.

हंगाम गेला का, माहीत नाही. परवाना राहील का, तेही मंडळ ठरवेल. रोज रडते आणि रोज व्यायाम करते.

तुला माफ केलेलं नाही. उंटाने केलं का ते त्याला विचार, मला विचारू नकोस. पण तू फोन कर. मी उचलेन. उचलून काय बोलायचं ते मात्र मला माहीत नाही, ते तू बघ.

आई सांगते, तुझा उजवा डोळा आहे तेवढाच उरलाय आणि तू थेंब विसरतोस. खरं आहे का?

भिंगरी


२ जुलै

भिंगरी,

रोज फोन होतो, मग हे पत्र कशाला असं तू विचारशील. फोनवर माझ्या तोंडून हे निघत नाही म्हणून.

पहिला फोन मी केला की तू, यावर आई आणि मी अजून भांडतो. मी नंबर फिरवत होतो तेवढ्यात तुझा वाजला, हे मी शपथेवर सांगतो. तू ‘हॅलो’सुद्धा म्हणाली नाहीस. म्हणालीस, ‘सकाळचे आठ वाजले. बाटली कुठेय?’ मी म्हटलं, कपाटात. ‘घेऊन ये.’ आणली. ‘मान मागे. घाल.’ घातला, पहिला गालावर पडला. ‘पुन्हा.’ मग तू तुझे घातलेस. आणि म्हणालीस, ‘आता डोळे मिटून एक मिनिट. बोलायचं नाही.’

तीन वर्षं आपण बोललो नव्हतो, भिंगरी. ते न बोलणं मला पाठ होतं. पण त्या दिवशी फोन कानाला लावून, डोळे मिटून, तुझा श्वास ऐकत जे एक मिनिट मी बोललो नाही, तसं मी जन्मात कधी गप्प बसलो नव्हतो. आईने मला खुर्चीत तसा बघितला आणि घाबरून विचारलं, काय झालं? मला उत्तर देता आलं नाही, कारण बोलायचं नव्हतं.

त्यानंतर आजवर माझा एकही थेंब चुकलेला नाही. डॉक्टर म्हणतात, डोळ्यातला दाब उतरलाय. मी त्यांना म्हटलं, माझी मुकादम फार कडक आहे.

मंडळाचं पत्र आलं, ते तू वाचून दाखवलंस तेव्हा मी ‘बरं’ एवढंच म्हणालो. बरं काय, मी फोन ठेवून शेडमध्ये जाऊन सगळ्यांना पेढे... नाही, पेढे नव्हते, बिस्किटं होती, पुडाच्या पुडा वाटला. सहा महिन्यांचा परवाना, दर सहा महिन्यांनी यंत्रावर तपासणी. मिळाला! डावीकडे वळताना मान जास्त फिरवायचा सराव तू महिनाभर करते आहेस. उंट सांगतो, तू रस्त्यातून चालतानासुद्धा घुबडासारखी मान फिरवतेस आणि लोक बघतात. बघू देत.

रविवारच्या शर्यतीला आम्ही तिघं येतोय : आई, मी आणि उंट. उंट म्हणतो, ‘काकांना नवव्या वळणावर बसवू, डावं आहे, तिथे त्यांचा जीव वर-खाली होईल तो बघायला मजा.’ त्याने माफ केलं का, हे मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, ‘सावकाश येतंय, काका. वाटेत आहे.’

एक सांगायचं राहिलं. तुझ्या गाडीवरच्या कमानीच्या पायाजवळ एक क्रमांक कोरलेला आहे, तू परवा फोटो पाठवलास त्यात दिसला. मी वही काढून बघितली. त्या तुकडीतून तपासणीला आलेल्या कमानी माझ्या हाताखालून गेल्यात. बारा टन, पाच सेकंद. मग तिन्ही जोडांवर मी लाल रंग लावला, पुसला, भुकटी मारली आणि उजवा डोळा लावून बोटभर-बोटभर जागा बघत गेलो. रेघ आली नाही. मी खाली सही केली. तेव्हा त्या तुकडीतली कमान तुझ्या डोक्यावर जाणार आहे, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी याहून नीट बघू शकलो नसतो.

रविवारी शर्यत आठला सुरू होते. म्हणजे थेंब सातला. तू गाडीत बसायच्या आधी फोन कर, मी गर्दीत कुठेही असलो तरी बाटली खिशात असेल. दोघं मान मागे टाकू आणि मिनिटभर डोळे मिटू. मग तू उघड आणि जा.

बाबा